शेजारच्या शेतातली माती

आमच्या काकांचा विश्वास फक्त स्वतःच्या डोळ्यांवर, आणि तोही चष्मा लावल्यावर. शेतीशाळेच्या बाईंनी मातीचे नमुने मागितले, तेव्हा ते गुरगुरले, "फुकट तपासणार? कुठेतरी पाणी मुरतंय." मग त्यांनी बाईंचीच परीक्षा घ्यायची ठरवली. भरदुपारी शेजारी जेवायला गेल्यावर काकांनी त्याच्या शेतातली माती वीतभर खोल उकरली, आणि पिशवीवर खुशाल स्वतःचं नाव घातलं.

महिन्याने कागद आला. माती उत्तम, खत निम्मं केलं तरी चालेल.

"त्याची जमीन आणि उत्तम?" काका खूश झाले. "आता बाईंचं पितळ उघडं पाडतो!"

तेवढ्यात शेजारी स्वतःचा कागद नाचवत आला. "दादा, हे वाचा. क्षार वाढलेत, निचऱ्यासाठी चर खणा, नाहीतर पीक हाती लागणार नाही."

"बघ, मी म्हणतच होतो तुझी जमीन..."

"माझी नाही, दादा. बाईंवर माझाही भरवसा नव्हता. मी तुमच्या शेतातली माती दिली होती."

काकांनी चष्मा पुसला, कागद पुन्हा वाचला आणि लालबुंद होऊन ओरडले, "मला न विचारता माझ्या शेतात शिरलास? चोर कुठला!"