पिस्तुलाला किस्सा पाहिजे

बेबीनंदा बोकडाचा सौदा करते तेव्हा तिचं तोंड कमी आणि हात जास्त चालतात. दात बघायचे, पाठीवरून हात फिरवायचा, जनावर दोन हातांनी उचलून वजन जोखायचं आणि मग गिऱ्हाईक काय बोलतंय ते ऐकत उभं राहायचं. ज्याला घ्यायचं असतं तो खोड काढतो, ज्याला घ्यायचं नसतं तो "चांगलंय" म्हणून पुढं सरकतो. एवढ्या एका शहाणपणावर तिनं नवऱ्याच्या माघारी पोरगा वाढवला, पोरीचं लग्न केलं आणि पिंपळगाव रेणुकाईच्या कडेला पत्र्याच्या दोन खोल्या उभ्या केल्या. पोरगा मच्छिंद्र शहागडला हायवेवर ट्रकांचे पंक्चर काढतो. त्यानं तिला आपला जुना मोबाईल दिलाय, आणि त्यावर दिवसभर बोकडांचे फोटो येत असतात.

घरात ती आणि तिची माय, दोघीच. गयाबाईचे दोन्ही डोळे काचबिंदूनं गेले, गुडघे गेले, दात तर कधीच गेले. पण बेबीनंदा बाजारातून आली की म्हातारी अजून एक गोष्ट विचारते, "त्या घरातलं कोणी काही बोललं का गं?" बेबीनंदा म्हणते, "न्हाई माय." दुसरं काही मागणं नाही बघा तिचं. मरायच्या आधी एकदा त्या घरातल्या माणसाच्या तोंडून ऐकायचंय, एवढंच.

ते घर राधाकिसन पाटलाचं. बेबीनंदा लहान होती तेव्हा तिचा बाप म्हाळू पाटलाच्या वावरात मेंढ्या बसवायचा. लेंडीखत पाटलाला, बदल्यात पायलीभर ज्वारी म्हाळूला. पाटलाकडं निजामाच्या काळापासून एक पिस्तूल होतं, परवान्याचं. खंडेनवमीला नांगर, विळे, कोयते यांच्या ओळीत तेही पुजायचे आणि दसऱ्याला शिवेवर पाटील त्यातून दोन बार हवेत काढायचा. त्या दसऱ्याला पाच-सहा मेंढ्या तुरीत शिरल्या. पाटील प्यालेला होता आणि पुजेचं पिस्तूल हातातच होतं. म्हाळू हात जोडून पुढं आला. बार हवेत गेला नाही, म्हाळूच्या पोटात गेला.

भोकरदनला नेता नेता ट्रॅक्टरमध्येच तो संपला. मग ठाण्याचा जमादार आला, पाटलाच्या ओसरीवर जेवला आणि कागदावर लिहून मोकळा झाला, की मयत झाडपाला तोडताना बाभळीवरून कुऱ्हाडीवर पडला. पाटलानं गयाबाईला सांगितलं, अंगठा दे, नाहीतर दहा गावांत तुझ्या मेंढ्या कुणाच्या वावरात बसणार नाहीत. पदरात तीन लेकरं. तिनं अंगठा दिला. सगळ्या गावाला खरं काय ते माहीत आहे, पण सगळं गाव बाभळीचंच नाव घेतं. राधाकिसन पाटील म्हातारा होऊन, भजनं म्हणत, सुखानं मेला. पिस्तूल आणि परवाना पोराकडं, भागवतकडं आला.

तर यंदा दिवाळीच्या आधी भागवत पाटलाचा फोन आला. "बेबे, जरा वाड्याकडं येऊन जाय. काम हाय." तिला वाटलं, बोकड पाहिजे असेल. ती गेली.

ओसरीवर भागवत आणि एक चष्मेवाला माणूस बसले होते. त्याचं नाव सोमेश्वर. संभाजीनगरकडून आला होता, जुन्या हत्यारांची पारख करून शौकीन लोकांना मिळवून द्यायचा धंदा. सगळं कायद्यानं, परवान्यावर, असं तो दर दोन वाक्यांनी सांगत होता. भागवतला पिस्तूल विकायचं होतं. दर निवडणुकीला ठाण्यात जमा करा, परत आणा, या कटकटीला तो वैतागला होता, आणि पुण्यातल्या पोराला त्यात रस नव्हता. बेबीनंदा पायरीवर बसली. तिला बस कुणी म्हणालं नाही, थांब म्हणाले.

टीपॉयवर, फरसाणाच्या ताटलीशेजारी, ते पडलेलं होतं. तिनं ते त्या दसऱ्यानंतर कधी इतक्या जवळून पाहिलंच नव्हतं. स्टीलच्या नव्या तांब्यागत चकाकत होतं. सोमेश्वरनं ते उचललं, मान मोडल्यासारखं मधूनच वाकवून उघडलं, सहा भोकांची चक्री फिरवली, कानाशी धरून घोड्याची टिकटिक ऐकली. मग भिंग लावून नळीखाली बघत बसला.

"पिस्तूल न्हाई पाटील हे. रिव्हॉल्व्हर. विलायती हाय, शंभर वर्सांच्या घरातलं," तो म्हणाला. "चक्रीवरचा नंबर आन् सांगाड्यावरचा नंबर एकच असला की शौकीन जादा मोजतो. निजाम सरकारचा शिक्का असला तर इचारूच नका. पर शिक्के हायेत कुठं? हे घासलं कोणी?"

"घासलं न्हाई, बफ मारून चकाकवून आणलं," भागवत कौतुकानं म्हणाला. "पार काळं पडलं व्हतं. खंडेनवमीला पुजायचं हत्यार आसं काळं मांडायचं काय? जालन्याला एका कारखान्यात वळखीचा माणूस हाय, त्यानं जल्दी करून दिलं. आता चेहरा दिसतो त्याच्यात."

सोमेश्वरनं कपाळावर हात मारून घेतला. त्या काळेपणालाच तर भाव होता, म्हणाला. कारखान्यानं चढवलेला मूळ रंग तो. आता नंबर कसाबसा वाचता येतोय, म्हणून कायद्यातून वाचलात, पण शिक्क्याचा नुसता वळ राहिलाय. भाव निम्म्याच्याही खाली आला. भागवतचं तोंड एरंडेल प्याल्यासारखं झालं. बेबीनंदाला मात्र पायरीवरूनच कळलं होतं, की हा चष्मेवाला एवढ्या खोडी काढतोय म्हणजे याला घ्यायचंय.

"एक रस्ता हाय," सोमेश्वर म्हणाला. "अंगाला किंमत ऱ्हायली न्हाई, मंग किश्शाला किंमत येती. याच्यानं काही घडलेलं पायजे. कोणी मेलेलं आसलं तर बेस. आन् ते सांगणारं माणूस पायजे, व्हिडिओत."

आणि त्या भागवतनं, जेवायला वाढा म्हणावं इतक्या सहज, पायरीकडं बोट केलं. "किस्सा बसलाय ना तिथं. हिचा बाप. आमच्या दादानं, माझ्या बापानं, याच्यानंच उडवला."

उभा जन्म जे ऐकायला बेबीनंदाची माय झुरत होती, ते हा माणूस फरसाण खात बोलला. बोलला आणि शेवेचा बकाणा भरला. शिवी द्यावी तर जीभ विटाळेल, अशी शिसारी तिला आली. बाप गेला तेव्हा हा भागवत मिसरूड फुटायच्या वयाचा होता, ट्रॅक्टरच्या चाकाशी उभा राहून बघत होता. बाभळीची गोष्ट मग गावभर सांगत फिरणाऱ्यांत हाच पुढं. आणि आज याला लाज वाटायची सोडून भाव सुचला.

"मावशी, घाबरू नका," सोमेश्वर म्हणाला. "दोन मिन्टाचं काम हाय. वडील काय करत व्हते?"

"मेंढ्या राखायचे."

त्यानं नाक मुरडलं. "मेंढकं मारलं म्हणल्यावर कोण घेणार? दरोडेखोर म्हणा. रातीला टोळी आली, पाटलानं एकट्यानं आडवली. तुम्ही त्याची लेक. आसं दणकून सांगितलं ना, शौकीन येडा हून घेतो."

"दरोडेखोरच म्हणू," भागवत लगेच म्हणाला. "आता मेलेल्या माणसाला काय फरक पडतोय? बेबे, दिवाळीला चांगलं लुगडं देतो तुला." मग आत बायकोला हाक दिली, "मनीषा, हिला चहा आण गं."

चहा आला, कान तुटलेल्या कपात. ती त्या कपाकडं बघत राहिली. जेवढं म्हणून नासवता येतं तेवढं या घरानं नासवलं होतं. बाप मारला, मायचा अंगठा घेतला, बाभळीचं खोटं सगळ्या गावाच्या तोंडात कोंबलं. आता मेल्यामागं त्याला चोर करणार, आणि तेही पोटच्या लेकीच्या तोंडून. उठून जावं असं मनात आलं. पण मग मायचा तो रोजचा प्रश्न तिला आठवला आणि ती जागची हलली नाही. बाजारात जशी गिऱ्हाइकासमोर चेहरा दगडाचा करते, तसा केला.

"दरोडेखोर म्हणले तर मी चालले," ती म्हणाली. "खरं हाय ते सांगायचं. आन् आधी पाटलांनी सांगायचं. मी तव्हा ल्हान व्हते, मला बराबर याद न्हाई. त्यांचं ऐकून मंग माझं सांगते."

सोमेश्वरनं जरा विचार केला. "चालंल. मालकाच्या तोंडून आलं तर आनखी वजन. पाटील, बोला तुम्ही."

भागवतला एवढंच पाहिजे होतं. आत जाऊन तो केस विंचरून आला, गळ्यात उपरणं टाकलं, रिव्हॉल्व्हर मांडीवर घेतलं. फोटोला बसल्यासारखा ताठ झाला. सोमेश्वरनं मोबाईल धरला. आणि हा गडी धडाधडा बोलत सुटला. नाव सांगितलं, गाव सांगितलं. दसऱ्याचा दिवस, तुरीत गेलेल्या मेंढ्या, दादा कसा तरातरा निघाला, म्हाळू धनगर कसा हात जोडून उभा होता, सगळं. काही झाकलं नाही, कारण झाकावं असं त्यात काही आहे हेच त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. "आन् पुजेचं हळदीकुकू तसंच व्हतं ना मुठीला," तो म्हणाला आणि त्याला हसू फुटलं, "हात सटकला का नेम लागला ते दादालाबी कळलं न्हाई. डायरेक पोटात. मंग काय, बाभळीवरून पडला म्हून लिहून घेतलं. हिच्या मायचाच अंगठा."

बेबीनंदानं पदर तोंडावर धरला. त्या दोघांना वाटलं, रडतेय. रडत कसली, तिला ओकारी येत होती. तिनं ती गिळली.

"मला धाडा ते," ती सोमेश्वरला म्हणाली. "घरी दोनदा ऐकते, मंग माझं बराबर सांगते." तिनं आपला नंबर सांगितला. सोमेश्वरनं तिथल्या तिथं पाठवलं. भागवतनं हरकत घेतली नाही. ही बोकडं विकणारी बाई कुणाला दाखवून काय करणार, असंच त्याला वाटलं असणार. या घरानं तिच्या कुळाला कधी माणसात धरलंच नव्हतं. मोबाईल कमरेशी वाजला. तिनं तो काढून पाहिला, आलंय याची खात्री केली आणि उभी राहिली.

"अगं, चहा तर घे. आन् सांगायला कधी येतीस?"

"माझं काय सांगायचं ऱ्हायलं?" ती म्हणाली. "सगळं तुम्हीच सांगितलं की पाटील. मी येत नसते."

मागून भागवत लुगड्याचं काहीतरी ओरडला, सोमेश्वर "मावशी, मावशी" करत पायरीपर्यंत आला. तिनं मागं पाहिलं नाही. वाड्याच्या भिंतीला वळसा घातल्यावर मात्र तिला धरवेना. गटारीच्या काठावर बसून तिनं सकाळची भाकर ओकून टाकली, नळावर चूळ भरली आणि चालू लागली. ठाण्यात जायचं, मच्छिंद्रला व्हिडिओ पाठवायचा, गावात ऐकवायचं, ते सगळं नंतर.

गयाबाई दारातच गोधडीवर बसलेली होती. पाऊल ओळखून तिनं रोजचं विचारलं, "त्या घरातलं कोणी काही बोललं का गं?"

"बोललं माय," बेबीनंदा म्हणाली आणि मोबाईल म्हातारीच्या कानाशी धरला.

भागवतचा आवाज दोन खोल्यांत भरून राहिला. म्हाळूचं नाव आलं तेव्हा तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला. हात जोडल्याचं आलं तेव्हा ओठ हलले. मग ते हळदीकुंकवाचं आलं, मग ते हसू आलं, आणि बेबीनंदाला एकदम लक्षात आलं की हे आधी कापून टाकायला पाहिजे होतं. पण तिला कापायचं कुठं येतंय.

आवाज थांबला. गयाबाई म्हणाली, "बेबे, मधीच त्यो हसला काय?"

"न्हाई माय," बेबीनंदा म्हणाली. "ठसका लागल्ता त्याला."

म्हातारीनं मान हलवली. तिला ते पटलं की नाही, कुणास ठाऊक.

"परत लाव," ती म्हणाली.

बेबीनंदानं परत लावलं, आणि हसण्याची जागा आली तेव्हा ती मोठ्यानं खोकली.