मोकळी खुर्ची

फुलंब्रीहून रोज मोटरसायकलवर येणारा हा माणूस आमच्या कंपनीत नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, लिहितो. दुपारी कँटीनमध्ये तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवतो, जरा थांबतो आणि मगच बसतो. मध्यंतरी आमचे कॅशियर वारले. कँटीनमधली त्यांची रोजची खुर्ची रिकामी असूनही तो तिच्याशेजारी उभ्यानंच जेवला.

"बसा ना," मी म्हणालो.

"नाय सर, अजून त्यांच्याकडून सुटली नाय."

मग त्यानं आपलं काम सांगितलं. "बाहेरून आलेला डेटा मेमरीच्या एका तुकड्यावर उतरतो, त्याला आम्ही पान म्हणतो. दर खेपेला पान सिस्टमला परत द्यायचं, नवं मागायचं, यात लई वेळ जातो. म्हणून आम्ही तेच पान पुन्हा वापरतो. पण आधी बघायचं, ते वापरणाऱ्या सगळ्या प्रोग्रॅमनी सोडलंय का. एकानं जरी धरलेलं असलं, तर हात लावायचा नाय."

पुढं एका दुपारी तो कॅशियरच्या खुर्चीवर निवांत बसलेला दिसला.

काल मी जेवत असताना तो मागून आला. माझ्या खुर्चीच्या पाठीवर त्यानं हात ठेवला, जरा थांबला.

"झाली मोकळी," तो हळूच म्हणाला, आणि डबा हातात धरून, मी उठायची वाट बघत अदबीनं उभा राहिला.