आईनं घेतलेला गेमिंग पीसी

आज आईले जाऊन वर्ष झालं, आणि मले सकाळपासून हसू येऊन राह्यलं.

रागावू नका. कारण सांगते.

माझी आई. मंगरूळपीरची रिटायर्ड अंगणवाडी सेविका. जन्मभर लोकांच्या लेकरांना खाऊ घातलं, आणि स्वतःसाठी महागाची म्हणून एकच वस्तू घेतली.
गेमिंग पीसी.

हो, तोच. ग्राफिक्स कार्डवाला.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. ते बस चालवत होते तेवढी सगळी वर्षं आई म्हणत होती, "मले एकदा गाडी शिकवा ना."
बाबांचं ठरलेलं उत्तर. "तुले कायले पायजे? मी हाय ना."

मग आईचे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, आता साधी स्कूटीसुद्धा नको.
दवाखान्यातून घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. माझी आई! जी ऑटोत शेजारी बसलेल्या बाईचं माहेर, सासर, बीपी सगळं काढून घ्यायची.

मला सहन होईना. मी तिला फोनवर बस चालवायचा गेम लावून दिला.
पाच मिनिटांत फोन परत. "हे त बोटानं ढकलणं झालं. मले हातात स्टेअरिंग पायजे."

स्टेअरिंग जोडायचं तर गेमिंग पीसी हवा. बजेट तिनंच ठरवलं. चाळीस हजार, वर एक रुपया नाही.

मी वाशीमला कोर्टापाशी टायपिंग करते. त्यामुळे कॉम्प्युटरातलं मला सगळं कळतं, असा घरच्यांचा समज.
खरं सांगू? माझाही होता.

मी यादी केली. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड. मॉनिटरच्या जागी घरचाच टीव्ही.
आई यादी घेऊन दुकानात अशी शिरली जशी लग्नाचा बस्ता फाडायला निघालीये.

दुकानदारानं रंगीत दिव्यांचं कॅबिनेट दाखवलं.
"भाऊ, एवढे लाईट कायले? कोनाचं लगन हाये काय?"

पॉवर सप्लाय दोन दाखवले. तिनं दोन्ही हातात तोलून पाहिले आणि हलका परत केला. "हे पोकळ हाये आतून."
मी नंतर घरी येऊन नेटवर पाहिलं. बाई बरोबर होती!

तरी स्टेअरिंगला पैसे कमीच पडत होते. आणि स्टेअरिंग नसेल तर बाकी सगळं घेऊन करायचं काय?

दुकानदार म्हणाला, "ताई, कॅबिनेटले तीन पंखे तरी लावा. आपल्याकडचा उन्हाळा हाये."
आई म्हणाली, "पंखे कायले? घरी एवढा मोठा कूलर हाये ना!"

आणि मी, कॉम्प्युटरातली जाणकार, मान डोलावली.

पंखे कटाप. स्टेअरिंग आलं.
पायाचं काम तिला जमणार नव्हतं, म्हणून ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर मी हाताच्या बटणांवर बसवून दिले.

मे महिना. कॅबिनेटची बाजू उघडी ठेवली, कूलर त्याच्या थेट तोंडाशी लावला. नवा वाळा, टाकी काठोकाठ.
आईनं पदर खोचला. स्टेअरिंग धरलं. बस सुरू झाली.

दहा मिनिटं.
मग टीव्ही काळा.

आत पाहते तर मदरबोर्डवर पाण्याचे थेंब. कूलरनं गार हवेसोबत तुषारही मारले होते.

बाबा म्हणाले, "मी म्हनतच होतो."
ते काहीच म्हणाले नव्हते!

दुकानदाराला फोन केला. पाणी आत गेलं तर वॉरंटी नाही, म्हणाला.
मी रडायला लागले. पैशाचं होतंच. पण दहा मिनिटं आईचं जे तोंड पाहिलं होतं ना, त्याचं जास्त.

आई रडली नाही. "रडून काय होते? कर सगळं सुटं."

तिनं ओसरीत सावलीला खाट टाकली. खाली धुतलेलं पांढरं धोतर. त्यावर मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड ओळीनं मांडलं, वरून पातळ ओढणी.
आणि दोन दिवस हातात काठी घेऊन राखण.

शेजारच्या काकू आल्या. "काय व माय, यंदा कुरडया एवढ्या उशिरा घातल्या?"
"कुरडया नाई व. कॉम्प्युटर हाये."
काकूंनी ओढणी उचलून पाहिली आणि तशाच घरी गेल्या. त्या दोन दिवसांत अख्खी गल्ली काही ना काही निमित्तानं आमची ओसरी पाहून गेली.

तिसऱ्या दिवशी सगळं परत जोडलं. कूलर बंद, आम्ही तिघं घामानं चिंब.
बटण दाबायला मी धजेना. आईनंच दाबलं.

चालू झाला!
मी एवढ्या जोरात ओरडले की काकू परत आल्या.

आईनं बस काढली. पहिल्याच वळणावर खांब पाडला. "मधात उभा कायले होता?" म्हणाली आणि पुढे गेली. हळूहळू हात बसला. घाट लागला, तोही नीट काढला.

बाबा मागे उभे राहून बघत होते. मला वाटलं, आता गिअरवरून काहीतरी बोलणार.

ते म्हणाले, "म्या तुले शिकवाले पायजे होतं."

आईनं रस्त्यावरची नजर काढली नाही.
"हाव. पायजे होतं."

मग एका हातानं बाजूची खुर्ची ओढून दिली.
"बसा आता. चालत्या गाडीत उभं राहू नये."

त्यानंतर तीन वर्षं ती रोज दुपारी गाडी चालवायची आणि बाबा रोज शेजारी बसायचे. मागच्या वर्षी याच तारखेला ती गेली.

आई, तुझी लय आठवण येते व.
जय भीम.