बुरुजाच्या एक्केचाळीस पायऱ्या

हे बायकोलाही माहीत नाही. संक्रांतीनंतरचा रविवार, दुपारचे चार. तिकिटं दोन, पन्नास रुपये. आम्ही माणसं दोनच — मी, आणि पाचोडहून आलेली माझी थोरली बहीण, आक्का. आकडे देतोय, कारण आकड्यात मी चुकत नाही असं सगळे मानतात. आक्काही मानायची. आणि तिलाच मी — थांबा, सरळ सांगतो.

तळ्याकाठच्या त्या बागेच्या जागी पूर्वी लष्कराचा किल्ला होता. आता एक बुरूज तेवढा उरलाय. बाग केली तेव्हा बुरुजावर चढायला नव्या दगडी पायऱ्या बसवल्या. त्या कामावर दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, मजूर होते. "वरून सगळं तळं दिसतं, तुला दाखवतो," असं ते तिला म्हणायचे. राहून गेलं. ते वारले. वर्ष उलटल्यावर आक्का आली ती त्यासाठीच.

गेटवरच तिचा आवाज चढला. वॉचमनला म्हणाली, "पायऱ्या आमच्या मालकानं बसवल्या, अन् तिकीट आम्हालाच लावतो व्हय रं?" तो हसला. मीही हसलो. मग वर पाहिलं. बुरुजावर आमचे साहेब उभे होते, सहकुटुंब. ऑफिसात मी दाजींना काय म्हणून सांगितलं होतं? कंत्राटदार.

पायऱ्या बुरुजाला वळसा घालून जातात. खालून पहिल्या दहा-बाराच दिसतात.

"आक्का, एकशे वीस पायऱ्या आहेत," मी म्हणालो. "तुझ्या गुडघ्यांना झेपायच्या नाहीत."

मला ठाऊक नव्हत्या का? होत्या. मागच्याच महिन्यात मुलांबरोबर चढताना मोजल्या होत्या. एक्केचाळीस.

"एकशे वीस?" ती म्हणाली. "तू म्हणतो म्हंजी असतीलच. लई वझं उचललं की त्यांनी. मला कधी बोलले बी नाय." खालच्या पायरीवरून तिनं हात फिरवला. साहेब उतरायच्या आत मी तिला गेटबाहेर आणलं.

पुढं ती गावात सगळ्यांना सांगायची — एकशे वीस पायऱ्या! "व्हय ना रं बापू?" मी म्हणायचो, व्हय. खरं सांगितलं तर तिचा अभिमान मोडेल, अशी समजूत मी करून घेतली. अभिमान कुणाचा जपत होतो मी?

आक्का यंदा गेली. दहावा पैठणला, गोदावरीकाठी. पिंडाला कावळा शिवेना. लोक एकमेकांना विचारू लागले, बाईचं काय राहिलं असंल? भाचा हात जोडून म्हणाला, धाकटीचं लग्न मी करीन. कावळा शिवला नाही. "मामा, तुम्हाला काही बोलली होती का?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, नाही.

तासाभरानं दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. गुरुजींची दक्षिणा पाचशे एक रुपये. ती मी दिली.