एडनेवेदचा लुळा हात

माझ्या नवऱ्याचा डावा हात लुळा आहे, असं आमच्या खोऱ्यात सगळे धरून चालले होते. तो लुळा नव्हता. हे फक्त त्याला आणि मला ठाऊक होतं, आणि त्या काळजीने मी आतून सुकत चालले होते. उघडकीला आलं असतं तर त्याला पुन्हा फ्रान्सला लढायला नेलं असतं. वर राजाला फसवलं म्हणून आणखी काय केलं असतं, त्याचा विचारही मी करत नसे.

एडनेवेद धनुष्यं करायचा. त्याचा बापही तेच करायचा. माणसाच्या डोक्याच्याही वर जाणारी, यू नावाच्या झाडाच्या लाकडाची, आत लाल आणि बाहेर पांढरी धनुष्यं. ही विद्या आमच्याच डोंगरातली. पणजोबांच्या काळी आमची माणसं इंग्रज घोडेस्वाराची मांडी बाणाने चिलखतासकट खोगिराला शिवायची. मग इंग्रजांचे राजे शहाणे झाले. आमच्याशी लढत बसण्यापेक्षा त्यांनी आम्हालाच पगारावर घेतलं आणि समुद्रापार दुसऱ्यांच्या मांड्या शिवायला धाडलं. आमच्या लोकांना त्याचा केवढा अभिमान! मला विचाराल तर पोरगं चालायला लागलं की हातात धनुष्य द्यायचं आणि मिसरूड फुटलं की परक्याच्या भांडणात मरायला पाठवायचं, यात अभिमान कसला ते मला आजवर कळलेलं नाही.

तो एकदा जाऊन आला होता. गेला तेव्हा गाणी म्हणत गेला. आला तेव्हा घोड्याच्या टापा ऐकल्या की हातातलं टाकून लाकडांच्या ढिगामागे जाऊन बसायचा. तिथे काय झालं ते त्याने मला एकदाच सांगितलं, लीकची कांद्यासारखी पात चिरता चिरता. बाण संपले की धनुर्धाऱ्यांना सुऱ्या देऊन चिखलात पाठवायचे. चिलखताच्या ओझ्याने पडलेली माणसं उठू शकायची नाहीत. त्यांच्या शिरस्त्राणाच्या फटीतून सुरी घालायची. फटीतून डोळे दिसतात गं, एवढं म्हणाला आणि पुढे चिरत राहिला.

म्हणून हाताचं सोंग. दरडीवरून पडल्याचं निमित्त झालं, आणि मी रोज सकाळी तो हात फडक्याने अंगाशी आवळून बांधू लागले. काम तो दार लावून करायचा. लोकांना सांगायचं की धनुष्य खुंटीला अडकवून एका हाताने दोरी ओढून बघतो. रविवारी चर्चमागे सगळे नेमबाजीला जमले की हा भिंतीला टेकून नुसता बसायचा. शेजारचा कडूगन तर टपलेलाच असायचा. "एडनेवेद, बायकोने उशाला घेऊन घेऊन मारला रे तुझा हात," म्हणायचा. सगळे हसायचे, मीही हसायचे, आणि मनातून धास्तावलेली असायचे. रागाच्या भरात याने कुणाचं धनुष्य हिसकावलं तर?

त्या वसंतात भरतीला राजाचा सरदार फुल्क आला. आमची भाषा तो तोंडात गारगोटी धरल्यासारखी बोलायचा, पण बोलायचा. त्याने चर्चच्या आवारात पुरुषांना सदरे काढून उभं केलं आणि बैल पारखावा तसे एकेकाचे खांदे दाबून पाहिले. कडूगनला घेतलं. कडूगन त्या दिवशी काही विनोद बोलला नाही.

एडनेवेद आवारात गेला नव्हता, म्हणून फुल्कच आमच्या दारी आला. मी ताकाचा कटोरा पुढे केला. थोडं ताक त्याच्या बुटावर सांडलं. त्याने लक्ष दिलं नाही. त्याने फडकं सोडायला लावलं, खांदा चाचपला आणि कट्यारीचं टोक एडनेवेदच्या तळहातात रुतवलं. रक्ताचा थेंब आला. एडनेवेद त्या हाताकडे दुसऱ्याचा असल्यासारखा बघत राहिला. मला वाटलं, मीच आता ओरडणार.

"कामातून गेलाय," फुल्क म्हणाला आणि वळला.

मी श्वास सोडला. खरंच सोडला, अजून आठवतं.

दाराशी नवं धनुष्य टेकवलं होतं. दोरी त्याच सकाळी चढवली होती. लाकूड अजून एका जागी जाड होतं, तासायचं राहिलं होतं. जाता जाता फुल्कने ते उचललं, माझ्या शेजारी उभा राहिला आणि मजेत ओढलं. अंगाने दांडगा, दोरी थेट गालापर्यंत आली. बाण लावलेला नव्हता.

आमच्याकडे रांगतं पोरही रिकामी दोरी सोडत नाही. बाण असला की सगळा जोर तो घेऊन जातो. नसला की तो जोर लाकडातच परततो आणि धनुष्याच्या ठिकऱ्या उडतात. घोड्यावर वाढलेल्या माणसाला हे कुठून ठाऊक असणार?

"सोडू नका," एडनेवेद म्हणाला.

म्हणाला आणि मागून जाऊन त्याने धनुष्य धरलंही. डाव्या हाताने मूठ, उजव्याने दोरी. फुल्कचे हात सुटले. तो सगळा ताण माझ्या लुळ्या नवऱ्याने लुळ्या हातावर पेलला, जराही न थरथरता, आणि दोरी सावकाश जागेवर आणून ठेवली. त्याची पाठ तेव्हा मला किती रुंद दिसली! मग त्याने आपल्याच हाताकडे पाहिलं.

फुल्कने ताक मागून घेतलं, पूर्ण प्याला आणि मग म्हणाला, "असा हात फासावर लटकवायचा म्हणजे नुकसान माझंच. रविवारी निघायचं."

रविवारपर्यंत मी एडनेवेदशी बोलले नाही. भाकरी पुढ्यात ठेवायचे आणि उठून जायचे. माझा जीव जळत होता. एका लाकडापायी? हाताने केलेली वस्तू डोळ्यांदेखत मोडलेली त्याला बघवली नाही, त्यापुढे मी कोण? लोहाराला आपली कोयती प्यारी तशी याला ती काठी, असं मी मनात घोळवत राहिले.

रविवारी ओढ्याशी भरती झालेल्या सगळ्यांची रांग लागली. कडूगनची आई रडत होती. मी ओटच्या भाकऱ्यांचं गाठोडं एडनेवेदच्या हातात दिलं, आणि मला राहवलं नाही.

"फुटू द्यायचं होतंस," मी म्हटलं. "दुसरं केलं असतंस. त्या फुल्कचा डोळा गेला असता तर गेला असता."

माझं बोलणं समजलंच नसल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. भीती त्याला लपवता येत नव्हती, आणि तो लपवतही नव्हता.

"अगं, तू त्याच्या खांद्याला खांदा लावून उभी होतीस," तो म्हणाला. "तुझ्या तोंडावर आलं असतं सगळं."

मागच्याने त्याला पुढे ढकललं. मी त्याच्या मागे धावेपर्यंत रांग ओढा उतरून गेली होती.