किशोरशेठचे जाड खांब

किन्हवलीच्या आसपास लोखंड बांधणारा फिटर म्हटलं की कमळूचंच नाव निघायचं. तीस वर्षं त्याने सळया वाकवल्या, त्यांभोवती कड्या घातल्या, तारेने आवळल्या, आणि तीस वर्षं एक गोष्ट मुकाट गिळली. प्रत्येक मालकाला खांब नऊ इंचीच हवा. का, तर भिंतीतून खांबाचा कान बाहेर आला की कपाट बसत नाही! कमळू मनातून जळायचा आणि बांधून द्यायचा. पोट कुणाला चुकलंय?

यंदा खताचा दुकानदार किशोर खाली चार गाळे आणि वर घर बांधायला निघाला. गणित केलं होतं कमळूच्या भाचीने, रविनाने. इंजिनीअर झाल्यावरचं तिचं पहिलंच काम. खाली सगळी शटरं, भिंत औषधालाही नाही, म्हणून तिने खांब पंधरा इंची काढले.

"पोरीनं किल्ला बांधायला घेतलाय काय?" किशोर भडकला. "नऊ इंची करा, नायतर दुसरा इंजिनीअर बगतो."

"मामा," रविना कमळूला म्हणाली, "भूकंपात तुळई तडकली तर दुरुस्त होते. खांब मोडला तर अख्खं घर खाली बसतं. काम गेलं तरी चालंल, नऊ इंचीवर मी सही करणार नाय."

कमळूला पोरीचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाज. तो किशोरकडे गेला. "शेठ, उद्या माज्या घरी चला. मग तुमी म्हनाल तसं."

सिद्धगडाच्या पायथ्याशी कमळूच्या घराचा कुड बदलायचा होता. भिंतींची जुनी कारवी काढून टाकलेली, नव्या काठ्या अंगणात पडलेल्या. चारी बाजूंनी उघडं घर नुसत्या लाकडी मेढींवर उभं, वर कौलांचं छप्पर, आणि खाली कमळूची बायको बाईजा निवांत भाकऱ्या थापत होती. किशोर आत यायला धजेना.

"या की शेठ," बाईजा म्हणाली. "दर चार वर्सांनी असंच करतो आमी. कुड काय, वाऱ्याला आडोसा."

कमळूने मेढीभोवती दोन्ही पंजे धरले. बोटं जुळली नाहीत. मग वरची तुळई धरली. तिथे जुळली.

"तुळई दोनदा तडकली, दोनदा बदलली. मेढ आज्याची हाय. ती मोडली असती तर बदलाया कोन उरलं असतं?"

किशोरने छपराकडे बघितलं. त्याच्या दोन मुली वरच्या मजल्यावर झोपणार होत्या.

"पंधराच करा," तो म्हणाला.

कमळूने खांबांचा सांगाडा जीव ओतून बांधला. सांध्यांपाशी कड्या दाट, त्यांची टोकं आत वळवलेली, एकही ढिली नाही. काँक्रीट घट्ट झाल्यावर फळ्या काढल्या त्या दिवशी रविना खांबाखांबाला हात लावून आली आणि मामाच्या पाया पडली. कमळू सगळ्यांदेखत रडला.

आता किशोरने घरात डोकावणारे ते कान हिरवे रंगवलेत. पाहुण्याला चहाआधी तेच दाखवतो. परवा शेजारचा सुदाम घराचा नकाशा घेऊन कमळूकडे आला. "खांब किशोरसारखे पायजेत. कपाटाचं मग बगू."

कमळूला ऐकू नीट आलं होतं. तरी तो म्हणाला, "परत एकदा बोल."