कॅम्परचं पाणी

माझ्या अॅम्बेसेडरबद्दल कोणी विचारलं, की मी आधी एक सांगून टाकते. गाडी माझी आहे, माझ्या नवऱ्याची नाही. हे सांगावं लागतं याचाच मला राग येतो. सेवाग्राम रोडवरच्या आमच्या घरासमोर मी ती पुसत असते, हात कोपरापर्यंत काळे झालेले असतात, तरी रस्त्याने जाणारा माणूस थांबून विचारतो, साहेब आहेत का घरी, गाडीबद्दल बोलायचं होतं. साहेबांना बॉनेट कुठून उघडतं तेही माहीत नाही. ते बाहेर येतात, कौतुक ऐकून घेतात आणि आत जाऊन पुन्हा पेपर उघडतात.

गाडी मला आर्वीच्या एका ओळखीच्या बाईंनी दिली. त्यांच्या परसात ती कडुनिंबाखाली पार बसली होती आणि मागच्या सीटवर त्यांची शेळी व्यायली होती. मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवत होते. सुट्टीचे सगळे दिवस मी त्या गाडीत घातले. कार्बोरेटर जेवणाच्या टेबलावर खोलला, पत्र्याला पॉलिश पेपर मारून मारून नखं घालवली, इंजिनाचं हेड उतरवून नागपूरला घासायला पाठवलं आणि परत आल्यावर माझ्या हाताने बसवलं. ती पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा मी ढसाढसा रडले. नवरा खिडकीतून म्हणाला, धूर घरात येऊन राह्यला.

दिराच्या मुलाचं लग्न ठरलं. मुलगी हिंगणीची, लग्न तिथेच, भर एप्रिलात. दीर घरी येऊन म्हणाले, नवरदेव आपल्या अॅम्बेसेडरमध्ये बसल. ते ‘आपल्या’ मला खटकलंच होतं, पण पोराचं लग्न, मी हो म्हटलं. अट एकच घातली, गाडी मी चालवणार. कारण साधं होतं. ही गाडी वरातीत मुंगीच्या चालीने चालवली की तापते. बँड नाचायला थांबला की इंजिन बंद करायचं, बॉनेट उघडायचं आणि गुपचूप वाट बघायची. रेडिएटरचं झाकण तापलेलं असताना उघडायचं नाही. दिरांनी मान डोलावली.

लग्नाच्या दिवशी हिंगणीला वऱ्हाडाच्या मुक्कामी मी मुद्दाम सुती साडी नेसले, क्लचमध्ये अडकू नये म्हणून निऱ्या वर खोचल्या. बाहेर येऊन बघते तर स्टेअरिंगवर जावई बसलेले. जावई म्हणजे दिरांच्या मोठ्या मुलीचा नवरा. आमच्या घरी जावयाचा मान फार. भाजीत मीठ जास्त आहे असं जावई म्हणाला, की ते सगळ्यांच्याच भाजीत जास्त होतं. त्याला नाही म्हणायचं नसतं, आणि टोकायचं तर नसतंच.

दीर मला बाजूला घेऊन म्हणाले, “वहिनी, वरातीत बाईनं गाडी चालवणं बरं दिसत नाई. जवायाचा मान आहे.”

माझी किल्ली माझ्या पर्समध्ये होती. घरी खिळ्याला टांगलेली दुसरी किल्ली माझ्या नवऱ्याने मला न विचारता आदल्या दिवशीच देऊन टाकली होती. मी खिडकीशी वाकून जावयाला तापण्याचं सगळं सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, काकू, मी रोजच गाडी चालवतो. मग मी माझ्याच गाडीमागे पायी चालत गेले, मागच्या काचेकडे डोळे लावून, दात खाऊन.

मारुतीच्या देवळापाशी बँड अडला. पोरं नाचत सुटली. जावयाने इंजिन बंद केलं नाही. बॉनेटच्या फटीतून वाफ निघायला लागली, तशी मी नाचणाऱ्यांना ढकलत पुढे घुसले. तोवर जावयाने नवरदेवाचा शेला हाताला गुंडाळून झाकण उघडलं होतं आणि दोघांनी मंडपातला पाण्याचा कॅम्पर उचलून आणला होता. वऱ्हाडासाठी बर्फ टाकून ठेवलेलं पाणी. मी ओरडले, नका टाकू. बँडपुढे माझा आवाज कोण ऐकणार. त्यांनी ते बर्फाचं पाणी उकळत्या इंजिनात ओतलं. इंजिन थरथरलं आणि बंद पडलं. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकलं की ती तडकते, हे मी सातवीच्या पोरांना शिकवत आले. माझ्या इंजिनाचं हेड तडकलं होतं.

नवरदेव मोटरसायकलवर बसून मंडपात गेला. गाडी पोरांनी ढकलत नेली. सगळे धावले ते जावयाकडे. कोणी सरबत दिलं, कोणी वारा घातला, उन्हात किती त्रास झाला म्हणून हळहळले. मी बंपरला टेकून उभी होते. माझ्याकडे कोणी पाणीसुद्धा घेऊन आलं नाही.

जेवणं झाल्यावर जावई आले. सरळ माझ्या नवऱ्यासमोर गेले, हात जोडले आणि म्हणाले, काकाजी, माफ करा, तुमची गाडी माझ्या हातून बिघडली. मी तिथेच, हातभर अंतरावर बसले होते. माझ्या नवऱ्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “जाऊ द्या जवाईबुवा, होते असं. जुनीच तं गाडी आहे.”

इंजिन तडकल्याचं मी एक वेळ सोसलं असतं. हे नाही सोसलं. ज्याने कधी एक बोल्ट फिरवला नाही, तो माझ्या वतीने माफी वाटत होता. मी उभी राहिले.

“गाडी याइची नाई, माही आहे,” मी जावयाला म्हटलं. “माफी मले मागा. अन् मी ते देत नाई.”

जावयाला असं कोणी बोललेलं आमच्या घरात कोणाला आठवत नव्हतं. पुतणी रडायला लागली, दीर उठून गेले.

तडकलेलं हेड फेकून मी दुसरं शोधलं, बसवलं. दिवाळीत जावई आणि पुतणी आमच्याकडे फराळाला आले. निघताना नवरा म्हणाला, ऑटो बोलावतो. मी म्हटलं, स्टेशनवर मी सोडते, आणि गाडी बाहेर काढली. जावयाने मागच्या दाराला हात लावला, मग थांबले. खाली बघत म्हणाले, “काकू, बसू का?”

मी म्हटलं, बसा. माफ मात्र मी त्यांना अजूनही केलेलं नाही.

नवरा तोवर पुढचं दार उघडून माझ्या शेजारी ऐसपैस बसलाही होता. त्याने विचारलं नव्हतं. त्यांच्या रेल्वेची वेळ होत आली होती. मी किल्ली मुठीत धरून, त्याच्याकडे बघत बसून राहिले.